कंडक्टरला दहादा विचार

१७ जानेवारी १९७९

गिरजाचं कार्ड आलं. मास्तरांच्या पोरीनं लिहिलंय. माझ्या या धाकट्या बहिणीच्या उजव्या डोळ्यात पांढरं वाढलं, आता डाव्यातही उतरतंय. पिंपरीच्या शाळेत सात फेब्रुवारीला डोळ्यांचं शिबिर आहे, ऑपरेशन फुकट, हे मीच तिला कळवलं होतं. येते म्हणते, पण भिते. दहिवडीच्या पुढचं जग पाहिलेलं नाही बाईनं.

इनलँड आणून दोन्ही अंगांनी भरलं. तिसरीपर्यंतच्या शाळेला आज काम लागलं! लिहिलं - दहिवडीहून पहाटेची मुंबईची गाडी धर, ती पिंपरीवरून जाते. ड्रायव्हरच्या मागं बस. कंडक्टरला दहादा विचार, लाजू नको, त्याला त्याचाच पगार आहे. गळ्यातली पोत पदराखाली. पाणी घरचं आण, हॉटेलातलं पिऊ नको. उतरलीस की स्टँडच्या बाकावर बसायचं आणि मी येईपर्यंत उठायचं नाही. कुणी माझं नाव घेऊन आला तरी व्हय म्हणू नको. शहरात मावशी म्हणणारा कुणाचाच भाचा नसतो.

सहा वर्षं भोसरीत काढली, एवढं तर कळणारच.

२५ जानेवारी

शेजारच्या सुमनताईला पत्रातलं सगळं सांगितलं. म्हणाली, तुम्ही म्हणजे अगदी मुरलेल्या हो, माझी जाऊ यायची आहे, तिलाही लिहून द्या. देते म्हटलं. बरं वाटलं.

६ फेब्रुवारी

संध्याकाळी ज्योतीरामशी जुंपली. याची कंपनीची सुट्टी गुरुवारी, शिबिराची नावं उद्या बुधवारी घेणार, नऊ ते बारा. सुनेचे, नीलाचे, दिवस भरलेत, तिला पाठवायची सोय नाही. म्हणाला, शेवटच्या मिनिटाला रजा देत नाहीत, शेजारच्या बबनरावांच्या बायकोला सोबत ने. मी म्हटलं, तुला चालायला मी शिकवलं, आता तू मला वाट शिकव!

तो हळूच म्हणाला, "आई, तू एकटी कधी गेलीस पिंपरीला?"

बाजाराला गेलेच होते की, म्हटलं.

तीनदा गेले. तिन्ही वेळेला त्याच्या सदऱ्याचं टोक धरून.

७ फेब्रुवारी

आज लिहवत नाही.

८ फेब्रुवारी

लिहिते. कुठंतरी खरं असायला पाहिजे.

काल आठला निघाले. मोटारीच्या थांब्यावर सुमनताई भाजीची पिशवी घेऊन उभी. कुठं निघालात? पिंपरीला, बहिणीला आणायला. एकट्या? मग काय हत्ती-घोडे लागतात? हे माझं बोलणं. तेवढ्यात मोटार आली, लोक घुसले, मीही घुसले. पाटी पाहिली नाही. वाकून पाटी वाचली तर सुमनताई म्हणेल, मुरलेल्या बाईला पाटी लागते! आत कंडक्टर आला तर मोजून ठेवलेले पैसे पुढं केले, त्यानं तेवढ्याचं तिकीट फाडलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. ही मोटार पिंपरीची का - एवढे चार शब्द. मागं चाळीतल्या दोघी बसल्या होत्या. ओठावर आले आणि गिळले.

बराच वेळ गेला तरी कारखाने येईनात. ज्वारीची रानं आली. चऱ्होलीच्या फाट्यावर कंडक्टर म्हणाला, आजीबाई, पुढं आळंदीच आहे, तिकीट संपलं. उतरले. उतरतानासुद्धा असं उतरले, जसं मला तिथंच यायचं होतं!

फाट्यावर बसले. परतीची एक मोटार भरून गेली, थांबली नाही. दुसरी तासाभरानं थांबली, पण ती पुण्याची, भोसरीला जात नाही म्हणाले. मग चालत सुटले. चपलेचा अंगठा तुटला. बारा कधीच वाजून गेले होते. घरी आले तर साडेतीन.

नीला दारात उभी, पोट धरून. मावशी कुठं? मी बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले - "तीन तास पिंपरीच्या स्टँडवर उभी होते. आलीच न्हाई. कुठं भलतीकडं उतरली असेल, आंधळी."

आंधळी. हे मी म्हणाले. पाठच्या बहिणीला.

पाचाच्या सुमाराला बबनराव पहिल्या पाळीवरून आले. हे ज्योतीरामच्याच कंपनीतले. म्हणाले, पिंपरी स्टँडच्या बाकावर एक म्हातारी बसलीय, तुमच्यासारखंच नाक. विचारलं, मावशी, भोसरीच्या यशोदाबाईंकडं जायचंय का? तर म्हणाली, मी कुणाची न्हाई, तू तुझ्या वाटंनं जा. चहावाला सांगत होता, दहापासून बसलीय. पाणी दिलं तर तोंड फिरवते.

ज्योतीराम तोवर दारात आलाच होता. डबासुद्धा खाली ठेवला नाही, तसाच गेला. दिवे लागल्यावर तिला घेऊन आला. तिचे ओठ पांढरे पडलेले. बाटली तिनं गाडीतच संपवली होती, आणि हॉटेलचं पाणी प्यायचं नाही असं मीच लिहिलं होतं. तिनं माझं पत्र पाठ केलं होतं. तीनदा वाचून घेतलं म्हणे. बसल्या बसल्या म्हणून दाखवलं, शाळेतल्या कवितेसारखं - पोत पदराखाली, कंडक्टरला दहादा विचार. "धावी खेप विचारली तर माझ्यावर वराडला, अक्का. पर मी इचारलं."

ज्योतीराम म्हणाला, आई तीन तास तिथंच उभी होती, मावशी.

गिरजा माझ्या बाजूला तोंड करून बसली. नेमकं माझ्याकडं नव्हे, जरा भिंतीकडं. म्हणाली, "मग तू म्होरंच उभी असशील. मलाच दिसली न्हाईस. माझ्या डोळ्यापायी तुझी दगदग झाली, अक्का."

तेव्हा बोलायचं होतं. भाकऱ्या थापायला उठले.

९ फेब्रुवारी

ज्योतीराम काल सुट्टीला तिला घेऊन शाळेत जाऊन आला. नावं बंद. हातापाया पडला. आता मार्गशीर्षातल्या शिबिराला या म्हणाले, उन्हाळ्या-पावसाळ्यात करत नाहीत. दहा महिने! डॉक्टरीणबाईनं बॅटरीनं पाहिलं - उजव्याचं लवकर करा, फार लांबवू नका.

गिरजा घरी येऊन मलाच समजावते. असू दे, दिसतंय की थोडं, चूल दिसते, उजेड दिसतो.

सुमनताई विचारायला आली, चुकामूक कशी हो झाली? गिरजाच मधे बोलली, माझ्याच डोळ्यानं घात केला. सुमनताई मान हलवत गेली. मी तांदूळ निवडत होते. निवडलेलेच परत निवडले.

११ फेब्रुवारी

गिरजा गेली. ज्योतीरामनं गाडीत बसवून दिलं. मी दारापर्यंत. चुरमुऱ्याचे लाडू बांधून दिले. मोठी दानशूर!

तिच्या हातात हात दिला तर म्हणाली, तुझं पत्र ठेवलंय मी, लई उपेगाचं हाय.

२ मार्च

नीलाला मुलगी झाली. डोळे टपोरे. सगळे म्हणतात आजीचे. माझ्यावर नकोत.

१९ जून

सुमनताईच्या जावेसाठी पत्र लिहायला बसले. पोत पदराखाली एवढं लिहिलं आणि फाडलं. हात दुखतो म्हणून सांगितलं.

३० ऑगस्ट

गिरजाचं कार्ड. भाकरी आता अंदाजानं थापते म्हणे. तीनदा खरं लिहायला घेतलं. दर वेळी आठवतं, ते मास्तरांची पोरगी वाचणार, मग सगळा गाव वाचणार. एवढ्यासाठी बहिणीचा डोळा! काय बाई आहे मी.

१८ नोव्हेंबर

गावाकडचा हिंदुराव आला, कामधंदा शोधायला. आयुष्यात पहिल्यांदा शहर बघतोय, तरी नेमका आमच्या दारात! आणायला कुणी गेलं नव्हतं. विचारलं, वाट कुणी सांगितली रे? हसायला लागला. म्हणाला, "गिरजाकाकूनं. पत्ता कागदावर घे, वाटंत चौघांना दाखीव, म्हनली. आन अक्काला न्यायला बोलवू नको, ती बिचारी स्वतःच चुकती."

तिला कुणी सांगितलं हे?

"कुनी न्हाई. म्हनली, डोळं गेल्यात, कान न्हाईत. अक्का तीन तास त्या स्टँडवर उभी असती, तर तिचा आवाज मला आला नसता व्हय? पर चारचौघांत बोलू नको म्हनली, तिला लागंल."

नीला चहा गाळता गाळता थांबली. तिच्यासमोरच ज्योतीरामला सांगितलं, सगळं, चऱ्होलीच्या फाट्यासकट.

मार्गशीर्ष लागतोय. उद्या दहिवडीला निघते, तिला आणायला. एकटी. कंडक्टरला विचारीन.