सरांच्या तोंडावर मारायचे शब्द

मंगळवार, ९ जानेवारी १९७३

राधाकृष्ण सरांचा तास. उभी राहून उत्तर दिलं, तर म्हणाले, "कडूबाई, हे बी.ए.चं इंग्रजी की सोनईच्या बाजारातलं?" अख्खा वर्ग हसला. छबूसुद्धा! माझ्याच खोलीत राहते ती! सर कसले, विंचू आहे विंचू.

लायब्ररीतून डिक्शनरी आणली. रोज वीस शब्द. जड जड, पुस्तकातले. त्यांच्याच तोंडावर मारीन.

१० जानेवारी

अँबिग्युअस. इनएव्हिटेबल. छबूशी बोलणं बंद.

रविवार, २८ जानेवारी

तीनशे ऐंशी झाले.

दुपारी कानिफदादा गावाहून, सोनईहून आला. हॉस्टेलच्या फाटकातच उभा. आत ये म्हटलं तर नको म्हणाला. "आई खडी फोडाया जाती, दुष्काळी कामावर. हाताला लई फोड आल्यात. तुला सांगू नको म्हनली." एवढं बोलून गेला पण!

आणि सरांनी निबंध कशावर दिलाय? दुष्काळावर! इस्त्रीचा शर्ट कधी चुरगळत नाही यांचा — यांना काय ठाऊक दुष्काळ!

५ फेब्रुवारी

निबंध दिला. खडीच्या कामावरच लिहिलाय. चाळीस अवघड शब्द कोंबलेत. बसा आता डिक्शनरी घेऊन!

७ फेब्रुवारी

भर वर्गात — "हे तुझं नाही. कुठून उतरवलंस?" प्रिन्सिपॉलांकडे तक्रार गेलीय. कॉपी ठरली तर परीक्षेला बसू देणार नाहीत. तीन वर्षं पाण्यात!

छबू म्हणते, "माफी माग ना, सुटशील." कशाची माफी? जळो ती!

८ फेब्रुवारी

प्रिन्सिपॉलांनी एकेक शब्द विचारला. अर्थ, स्पेलिंग, वाक्यात उपयोग. चाळीसच्या चाळीस! एका शब्दाला तर सरच अडले. काय चेहरा झाला होता!

"कॉपी नाही ही," प्रिन्सिपॉल म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात सरांनी निबंध माझ्या हातात दिला. माफी नाही, काही नाही. वर म्हणतात, "शब्द येतात तुला, मान्य. पण खडी फोडणाऱ्या बायकांवर सहा पानं लिहिलीस आणि त्यात एक बाई दिसत नाही."

मेल्याला अजून खोड काढायचीच आहे!

९ फेब्रुवारी

सहाही पानं परत वाचली. दोनदा. आई कुठंच नाही.

सर खरं बोलले. मेले तरी त्यांना हे सांगणार नाही.