छाटलेला ‘न्हाई’

सोम. ८ डिसें.
आठवीला राष्ट्रपतींचे अधिकार. अर्ध्या पोरी कापूस वेचायला, म्हणून तास फोनवर रेकॉर्ड करून शाळेच्या ग्रुपवर टाकला. विधेयक एकदा परत पाठवता येतं, दुसऱ्यांदा आलं की सही करावीच लागते. तास बरा झाला.

बुध. १०
मेल्यांनी माझा तास कापला! चाळीस मिनिटांतले सहा सेकंद गावभर फिरतायत. मी म्हणाले होते, "राष्ट्रपती म्हंजे नुसता शिक्का न्हाई." वर्गात मी आपली बोलीच बोलते, पोरांना जवळची वाटते. क्लिप ‘शिक्का’वर थांबते. आपल्या भाषेत नकार येतो शेवटी. तेवढा छाटला की काम फत्ते. बाजारात भाजीवाली म्हणाली, "म्याडम, येवढ्या मोठ्या माणसाला असं बोलत असतेत का?" मेथी न घेताच आले.

गुरु. ११
कुणी कापलं हे सांगायला ज्योतिषी नको. कदम सर, भूगोलवाले. मुख्याध्यापकाची जागा मार्चमध्ये रिकामी होतेय. ज्येष्ठता यादीत मी वर, तो माझ्याखाली. आज स्टाफरूममध्ये स्वतः चहा आणून दिला. "लोक लई वाईट हायेत बघा म्याडम." ओठांत एक, पोटात एक. त्याच्यादेखत चहा मोरीत ओतला.

शुक्र. १२
संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. पूर्ण रेकॉर्डिंग पुढे केलं तर म्हणे, "चाळीस मिन्टं ऐकायला टाइम कुणाला हाय? माफी लिहून द्या. न्हाईतर उद्यापासून येऊ नका."
माफी लिहिली की गुन्हा कबूल. मग मुख्याध्यापक कोण करतं मला?
म्हटलं, "साहेब, मला घरी बसवायचं तर समितीचा ठराव लागतो. एकट्या अध्यक्षाला तो अधिकार नाही."
"आम्हालाच नागरिकशास्त्र शिकवून राह्यल्या का? समिती म्हंजे मीच!"
माझा आवाज चढला, रागाने. भीतीनेही. इथे तरी खोटं कशाला लिहू? माफी दिली नाही. सोमवारी समितीची बैठक लावलीय.

शनि. १३
आठवीला पुढचा धडा, पंतप्रधान. पुस्तक उघडलं आणि वाचत सुटले. ओळ न् ओळ, पुस्तकी मराठीत. उदाहरण नाही, चेष्टा नाही, बोली तर नाहीच. दाराबाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या. कदम असेल, नसेल. माझा आवाज आणखी खाली गेला. स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.
मागच्या बाकावरची रुक्साना उठली. "म्याडम, समजून सांगा ना. तुम्ही तर नुसतं वाचूनच राह्यल्या."
"बस खाली," म्हणाले. जोरात.
सव्वीस वर्षांत प्रश्न विचारला म्हणून कुणाला खाली बसवलं नव्हतं. समिती तर अजून बसायचीय.