वेणूबाईंची फेरतपासणी

सोमवार, ८ जानेवारी २०२४

मिरज सोडून आठ दिवस झाले. कसबा पेठेत नूरबानूखालांकडे तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. सकाळचं ऊन थेट गादीवर येतं. कामही आवडलं. सात देशांत एकाच वेळी चाललेला अभ्यास आहे. पन्नाशीपुढच्या त्याच त्या माणसांना दर चार-पाच वर्षांनी भेटायचं, त्यांना काय जमतं आणि काय जमेनासं झालं ते टॅबवर भरायचं. माझ्याकडे चाळीस घरं आणि यंत्रांची एक पेटी. पुष्कर सरांनी प्रशिक्षणात एकच गोष्ट तीनदा सांगितली: प्रत्येक चाचणी आधी आपण करून दाखवायची, मग समोरच्याला करू द्यायची.

बुधवार, १० जानेवारी

आज वेणूबाई. वय एकोणऐंशी, पोस्टातून निवृत्त, एकट्या राहतात. मागची नोंद: खुर्चीतून स्वतः उठता येत नाही, उजव्या हाताची पकड चार किलो. दार शेजारणीने उघडलं. सात देशांना माझ्या मुठीचं काय पडलंय, असं बाईंनी विचारलं, पण शेजारणीला माझ्यासाठी चहा मात्र करायला लावला. मी यंत्र आवळून दाखवलं: सव्वीस. मग त्यांनी आवळलं: अकरा. दोघी हसलो. उतरताना जिन्याचा कठडा माझ्या हातातून निसटला. थंडी असेल.

शुक्रवार, १२ जानेवारी

पुष्कर सरांनी आकडा परत पाठवला. या वयात पकड वाढत नसते. यंत्र बिघडलंय नाहीतर तुम्ही, असं म्हणाले. फेरतपासणी करा. मी परत गेले. माझी पकड बारा, त्यांची पंचवीस. दोन्ही आकडे भरले. मग हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून दाखवलं. त्याही उठल्या, पाचही वेळा, आणि उभ्याच राहिल्या. स्वतःच्या पायांकडे बघत रडत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. वेणूबाईंनी स्वतः केलेल्या तिळाच्या वड्या पाठवल्या.

माझी उजवी मूठ मिटत नाही. गादीवरून उठायला भिंत धरावी लागते. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट स्वच्छ आहेत. दाताच्या इंजेक्शननंतर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळंच झालंय. भीतीसुद्धा.

पुष्कर सरांना सांगितलं. ते म्हणाले, रजा घ्या, पण आधी ती केस पूर्ण करा, स्मरणशक्ती आणि श्वास, दोन चाचण्या राहिल्यात.

गुरुवार, १८ जानेवारी

रिक्षाने गेले. वर जायला शेजारणीने हात दिला. दार वेणूबाईंनी उघडलं.

दहा शब्द वाचायचे, मग न बघता सांगायचे. मी म्हटलं, आज नको.

"मागच्या फेरीची मुलगी अर्ध्यावर सोडून पळाली," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाच वर्षं त्या खुर्चीत काढली मी, नाजिमा."

मला काय होतंय ते तुम्हाला कळतंय का, मी विचारलं.

"कळतं ना."

मी यादी वाचली. का वाचली ते आता आठवत नाही. पेटी तिथेच राहिली.

शनिवार

डाव्या हाताने लिहितेय. अम्मीचा फोन आला. आवाज ओळखला. ती विचारत होती, जेवलीस का. ते काय असतं ते— तो शब्द—

ती रडायला लागली. मी ऐकत राहिले.

वार विचारायला हवा

जिन्यात पावलं. तीन मजले, न थांबता. खाला म्हणाल्या, किती गोड बाई, खिचडी घेऊन आल्यात. मी नको म्हणाले. म्हणाले बहुतेक. आवाज—

दुपार

त्यांनी भरवलं. तोंड पुसलं. केस विंचरले. मायेने. पेटी आणलीय. त्यातलं एकच यंत्र वापरायचं उरलंय, फुंकायचं. छातीभर श्वास घ्यायचा आणि नळीत सोडायचा. सगळा.

खाला दार ओढून गेल्या—

नळी पुसताहेत. माझ्या ओठांशी—

"नियमच आहे, बाळ. आधी तू."

वही काढून घेता—