शेंदूर लागलेली कॅसेट

अण्णा,

तिसऱ्यांदा लिहायला बसलेय. मघाशी दोन ओळी लिहून उठले, धुतलेले कप पुन्हा धुतले, खाली जाऊन सायकलीला कुलूप लावलंय का ते बघून आले. तुम्ही असता तर ओरडला असतात, "एका जागी बूड टेक की जरा!" नाही टेकवत. त्या कॅसेटबद्दल तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, चौदा वर्षं ते माझ्या पोटात आहे, आणि आता तसलीच कॅसेट इथे रायस्वाइकच्या फ्लॅटमध्ये माझ्या टीव्हीखाली येऊन बसलीय. राणीच्या वाढदिवसाला इथे सगळं गाव घरातलं जुनंपानं रस्त्यावर मांडून विकतं. एका डच माणसाच्या चादरीवर जुनं जपानी गेमचं मशीन होतं, पाच-सहा कॅसेटी होत्या, आणि त्यात ती! पिवळी, जपानी अक्षरांची, ढगावर उभं माकड, हातात सोटा. नवरा म्हणाला, "हे कशाला आता?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" आणि घेऊन आले.

मामाने मुंबईहून आणलेला तो गेम आठवतोय ना? तुम्ही पहिल्या पाळीवरून येता, बूट काढता, चहाची बशी घेऊन माझ्यामागे खाटेवर बसता. "अगं, हा तर मारुती!" मी वैतागते. "अण्णा, जपानी आहे तो." "असू दे जपानी. शेपूट आहे, हातात गदा आहे, आकाशात उडतो. मग कोण, तुझा मामा?" पडद्यावर पाणी आलं की तुम्ही म्हणता, समुद्र ओलांडतोय बघ. आग आली की, पेटवली लंका! बटणं मी दाबायची आणि गोष्ट तुम्ही सांगायची, असं आपलं ठरूनच गेलं होतं. तिसऱ्या स्टेजला मात्र एक शिंगवाला राक्षस होता. त्याच्यापुढे मी आठ दिवस नुसती मरत होते.

मग तो शनिवार. पाळीवरून येताना तुम्ही मारुतीला तेल घालून आलात, हातात शेंदराची पुडी. खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रांना हळदकुंकू वाहिल्याशिवाय पान्याला हात न लावणारे फिटर तुम्ही, तुमच्या दृष्टीने यात वावगं काहीच नव्हतं. कॅसेट काढलीत, माकडाला तेलात कालवलेला शेंदूर लावलात, वरून तेलाची धार सोडलीत, हात जोडलेत आणि परत बसवलीत. "आता बघ कसा जातो ते!" पडद्यावर नुसत्या रेघा. तेल आत उतरलं होतं. मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. "तुम्हाला काही कळतं का? अडाणी कुठले! हात कशाला लावता?" आईचं लाटणं थांबलं. तुम्ही शेंदरी बोटं लेंग्याला पुसलीत आणि म्हणालात, "चुकलं बाई." मला. चौदा वर्षांच्या घोडीला! त्यानंतर तुम्ही चहा बाहेर पायरीवर घ्यायला लागलात. माझ्यामागे कधी बसला नाहीत. दोन महिन्यांनी कारखान्याच्या फाटकाशी तुम्ही छातीला हात लावून खाली बसलात, ते उठलाच नाहीत.

माझं ऑफिस स्लोटरडाइकला आहे. समोरच्या टेबलावर एक चिनी मुलगी बसते. परवा तिला कॅसेटचा फोटो दाखवला तर ती खुदकन हसली. म्हणाली, जपान्यांनी गेम केला असेल, पण माकड आमच्या जुन्या गोष्टीतलं. एका साधूला सांभाळत पश्चिमेला चाललंय, पोथ्या आणायला. मी विचारलं, "पोथ्या कुठून?" तर म्हणते, "तुमच्याकडून. इंडियातून." मी इतकी हसले की शेजारचे डच वळून बघायला लागले, आणि मग एकदम रडूच आलं. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणाला असतात, "मग! आपल्याकडेच येत होता की तो!" फार चुकला नव्हतात हो. जेवणाचा डबा तसाच परत आणला मी त्या दिवशी.

आणि आज दुपारी लेक गालिच्यावर बसून खेळत होती. पाच वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये देते. मी चहा घेऊन तिच्यामागे बसले आणि नकळत सुरू झाले, हा बघ समुद्र, ही बघ लंका. तिने वळून विचारलं, "आवाज का बंद आहे?" रिमोट माझ्याच हातात होता. आवाज मीच बंद केला होता, आणि माझ्या लक्षातही नव्हतं. तिला काहीतरी थाप मारली. तुम्हाला नाही मारवत.

कॅसेट बिघडली नव्हती, अण्णा. सोमवारी तुम्ही आणि आई कामावर गेल्यावर मी स्टोव्हच्या स्पिरिटात कापूस बुडवून तिच्या खालच्या फटीतले पितळी दात पुसले आणि ती पहिल्या फटक्यात लागली. तुम्हाला सांगायचं तर आधी माफी मागावी लागली असती. मग शेजारणींनी ऐकून चुगली करू नये म्हणून मी आवाज बंद करून खेळायचे आणि तुम्ही यायच्या आत वायरी काढून ठेवायचे. रोज, दोन महिने. राक्षस मारला, पुढच्या चार स्टेज पार केल्या, सगळं मुकाट. तुम्ही पायरीवर बसून बशीत बघत असायचात, ते मला खिडकीतून दिसायचं. तरी नाही बोलले. इतकी कसली मिजास होती माझी?

आज आवाज वाढवला. लेकीने राक्षस मारल्यावर पुढचं संगीत सुरू झालं. इतक्यांदा खेळलेली स्टेज, पण ते मी आज पहिल्यांदा ऐकलं. लेक म्हणाली, "मग पुढे काय होतं?" मला सांगता येईना. तुम्ही गोष्ट तिसऱ्या स्टेजपर्यंतच सांगितलीत.

पाकीट आणून ठेवलंय, त्यावर पत्ता काय घालू? राहू दे इथेच. फक्त तुमचं ते "चुकलं बाई" परत घ्या, अण्णा. ते मी म्हणायचं होतं.