थोरलीचं वाक्य

४ मार्च
धाकटीशी अबोला चालूच. आईवरचा लेख मात्र दोघींनी मिळून लिहायचा आहे. पुढच्या महिन्यात तिला जाऊन वर्ष होईल. मी सॉफ्टवेअरमध्ये जन्म घालवला. रिटायर मी झाले, डोकं नाही. असा प्रोग्राम लिहिणार की दोघींकडे लेखाची एकेक प्रत राहील, जिने तिने आपल्या घरी हवं ते लिहावं, प्रती आपोआप जुळतील. विचारणं नाही, भांडण नाही. बोलण्याची तर गरजच नाही.

९ मार्च
पहिली चाचणी. एक जादा प्रत माझ्या जुन्या लॅपटॉपवर ठेवली. दोघींनी नेमकं एकाच जागी लिहिलं आणि अक्षरं एकमेकांत अशी घुसली की आईचं नावही वाचता येईना. चूक धाकटीची. तिथेच लिहायचं काय अडलं होतं?

१५ मार्च, सकाळी
दुरुस्त केलं. नवा नियम: एकीने वाक्य खोडलं आणि त्याच वेळी दुसरी त्यात काही बदलत असली, तर वाक्य राहणार. संपूर्ण निःपक्षपाती. शाळेत नन्सनी आम्हाला न्यायाने वागायला शिकवलं, ते फुकट गेलेलं नाही.

१८ मार्च
‘थोरलीने आईला काही कमी पडू दिलं नाही’ हे माझं वाक्य धाकटीने खोडलं. मी तेव्हा त्यात स्वल्पविराम घालत होते. वाक्य परत आलं. तिने पुन्हा खोडलं, मी स्वल्पविराम काढत होते. परत आलं.
भाचीचा, धाकटीच्या मुलीचा फोन. धाकटी म्हणते म्हणे, यंत्रसुद्धा ताईवरच गेलंय. वर विचारते, आईची अंथरुणं कोण बदलत होतं? मी भाचीला सांगितलं, दर रविवारी व्हिडिओ कॉल कोण करत होतं, तेही विचार.

२६ मार्च
खोडाखोड बंद. दोन्ही प्रती अक्षरन् अक्षर जुळतात. मतभेद मिटले. उत्तम डिझाइनपुढे हट्टी माणूसही नमतं.

२ एप्रिल
तिला फोन करावासा वाटला. पण पहिला फोन धाकटीनेच करायचा असतो.

५ एप्रिल, संध्याकाळी सहा
लेख छापायला देऊ का, म्हणून भाचीला विचारलं. ती म्हणाली, मावशी, माझ्या आईने तो प्रोग्राम केव्हाच काढून टाकला. रोज संध्याकाळी फोनजवळ बसते. उठावं लागलं तर सांगून उठते, ताईचा आला तर हाक मार.
मग इतके दिवस माझी प्रत जुळत कोणाशी होती? शोधलं. जेवणाच्या टेबलावरच्या माझ्याच जुन्या लॅपटॉपशी.
धाकटीचा नंबर काढून ठेवला आहे. आज नको, झोपली असेल.
वाक्य जागेवर आहे. खोडायला कोणी नाही.