भूत जेवायला का बोलावतं?

१९ फेब्रुवारी २०१२, रविवार. खांडबारा

‘कंदिलाची माडी’ची डीव्हीडी आज हातात आली. कव्हरवर मालकीण झालेली सीमा – केस मोकळे, हातात कंदील. मागे बारीक अक्षरात सगळ्यांची नावं. ‘कपडे – ममता’. ती मी. त्याखाली ‘मेलेल्या मालकिणीचा आवाज – एक ताई’. तीही मीच! नाव टाकू नको, असं मीच नवनीतला बजावलं होतं.

नवनीत एरवी नंदुरबारला लग्नांचं शूटिंग करतो. त्याला भुताचा पिक्चर काढायचा होता – इंग्रजांच्या काळातला, आणि अहिराणीत. सीमा सुरतेची. दिसते छान, पण अहिराणी बोलायला तोंड उघडलं की संपलं. शूटिंग संपल्यावर मी स्टुडिओत तिची लुगडी-चोळ्या परत आणायला गेले, तेव्हा आवाजाचं काम अडलं होतं. बंद माडीतून मेलेली मालकीण आपल्या पोरीला हाक मारते, असा प्रसंग. कागदावर होतं – ‘ये बाळा, ये.’ मी म्हटलं, आपल्याकडे अशी हाक कोण मारतं? नवनीत म्हणाला, मंग कशी मारतस? मी मारून दाखवली.

“ओऽऽ माय! जेवाले ये वं!”

काचेपलीकडून ओरडला – “ताई, हाऊच आवाज पाहिजे!” झालं. चहा पिऊन घरी आले.

२२ फेब्रुवारी, बुधवार

नवनीतचं नवं खूळ. डिस्क भाड्याने देणाऱ्या प्रत्येक दुकानात सुतळीने बांधलेली एक वही. डिस्क परत करताना गिऱ्हाइकाने त्यात अभिप्राय लिहायचा. लिहिता येत नसेल तर दुकानदाराने तो सांगेल तसा लिहून घ्यायचा, खाली अंगठा. सगळ्या वह्या माझ्याकडे येणार, कारण माझं अक्षर चांगलं. मी स्वच्छ उतरवून द्यायचे, त्यातले निवडक दुसऱ्या भागाच्या कव्हरवर.

वह्या कुठे कुठे ठेवल्या, विचारलं. खांडबारा, अक्कलकुवा, शहादा, ब्राह्मणपुरी.

ब्राह्मणपुरी.

२६ फेब्रुवारी, रविवार

खांडबाऱ्याची वही आली. नमुने –

‘भूत एक नंबर. पण भूतना पाय सीधा कसा? उलटा पाहिजेत.’ असे सहा जण. जणू सगळ्यांनी भूत मोजमाप घेऊन पाहिलंय!

‘मालकाच्या हातात घड्याळ आहे. तेव्हा नव्हते. – फुलसिंग सर.’ सरांनी चूक लाल शाईने लिहिली आहे. सवय.

‘चोळीला प्रेसबटण दिसले.’ खाली सही नाही. ही नक्की मागच्या गल्लीतली बेबीबाई. दुसरी टेलरीण. बटण एकाच चोळीला होतं, तेही सीमा जाड झाली म्हणून ऐनवेळी लावलं. जळते मेली.

आणि हे – ‘भूत जेवायला का बोलावतं? हसू आलं.’ हे अकरा जणांनी लिहिलंय. स्टेशनवर पोरं एकमेकांना तशीच हाक मारतात. भजीवाल्याने तर गाडीच्या वेळेला तीच हाक सुरू केली आहे. हेमकांत हसून हसून लोळला. नवऱ्याला चेष्टेला एवढं पुरतं.

मलाही हसू आलं. थोडं.

१ मार्च, गुरुवार

ती हाक माझी नाही, आईची आहे. तापीबाईची. ब्राह्मणपुरीला केळीच्या बागेत आम्ही भावंडं कुठेही असलो तरी ती बांधावर उभी राहून ओरडायची. आधी लांब ‘ओऽऽ माय’ – आमच्याकडे लेकीला लाडाने माय म्हणतात – मग थांबायची. आपण खाली बसलेलो असलो तर त्या थांबण्यात उठायचं. मग ‘जेवाले ये वं’. शेवटचा ‘वं’ खाली आणायची, रागावलेली नाही हे कळावं म्हणून.

हेमकांत आमच्या जातीचा नाही. अकरा वर्षांपूर्वी मी त्याच्याबरोबर निघून आले. तिसऱ्या दिवशी घरच्यांनी माझ्या नावाने अंघोळ केली. दहावं, तेरावं, सगळं. गावजेवण घातलं. आईने माझे कपडे तापीत सोडले, असं नंतर कळलं. वडील गेले, तेही वर्षाने कळलं. माणूस गेल्यावर त्याच्यासाठी जे जे करतात ते माझ्यासाठी सगळं झालेलं आहे, काही राहिलेलं नाही.

नवनीतला मेलेल्या बाईचा आवाज हवा होता. बरोबर बाईकडे आला.

५ मार्च, सोमवार

अक्कलकुव्याची वही. डोंगरातल्या गावांची माणसं बाजाराला आली की डिस्क नेतात, पुढच्या बाजाराला आणून देतात. अभिप्राय कमी, अंगठे जास्त. भुरीबाई म्हणून कुणी सांगितलंय – ‘मालक वाईट आहे. भूत वाईट नाही.’ बास, एवढंच. मला हा सगळ्यात आवडला. कव्हरसाठी वर ठेवला.

शहाद्याची वही फारच शहाणी. ‘पार्श्वसंगीत परिणामकारक.’ कॉलेज आहे ना तिथे!

९ मार्च, शुक्रवार

होळी झाली. नवनीतला फोन केला. सहज. ब्राह्मणपुरीची वही?

म्हणाला, दुकानदार बन्सीलाल लेकाचा वही देतच नाही. त्याची एक डिस्क एका घरी अडकलीय. आली की वही पाठवतो म्हणतो.

मी म्हटलं, घाई नाही.

घाई आहे. इथे तरी खोटं कशाला लिहू? नाव नको म्हटलं ते नवऱ्यासाठी नव्हतं, लाजेने नव्हतं. कपड्यांपुढची ममता कुणीही असेल, पण मेलेल्या बाईच्या आवाजापुढे ते नाव वाचलं असतं तर त्या घरात डिस्क कुणी आत येऊ दिली नसती. नाव नसलं तर आवाज तरी आत जाईल. मी तेवढ्यासाठी स्टुडिओत तशी हाक मारली. सहज मारली असं आजवर स्वतःलाही सांगत होते.

११ मार्च, रविवार

शहाद्याच्या बाजारात सुंदरबाई भेटली. माहेरच्या शेजारची. चोरून बोलते माझ्याशी, दुकानाच्या आडोशाला. आईचे दोन्ही डोळे गेले म्हणे. मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन करून घेत नाही.

म्हणजे पिक्चर बघण्याचा प्रश्नच मिटला. भेंडी घेतली, अर्धा किलो दोडके घेतले. घरी आल्यावर पाहिलं तर दोडके कडू.

१३ मार्च, मंगळवार

आठ ब्लाऊज. दोन परकर. बाकी काही नाही.

१६ मार्च, शुक्रवार

ब्राह्मणपुरीची वही आली. एकोणीस अभिप्राय. उलटे पाय, घड्याळ, जेवण, तेच ते. अठरा उतरवले.

एकोणिसावा बन्सीलालच्या अक्षरात –

‘तापीबाई. डोयाले दिसत नही. आयकं. चारदाव आयकं. पिच्चर खोटा शे. मरेल बाई अशी हाक मारस नही. हाई जित्ती शे. तिले सांगा, मी बांधवर उभी शे. जेवाले ये वं.’

खाली अंगठा.

नवनीतला अठराच देणार. हे पान मी फाडून घेतलं. हेमकांतला म्हटलं, उद्या सकाळी तुझं तू करून खा.