पाहुणे बिदर बघायला येणार

गुरुवार, १३ नोव्हेंबर २००३
संगूकाका सकाळीच आला. अप्पांचा धाकटा भाऊ, डोक्यात लग्नं जमवण्याचा किडा. हैदराबादचे पाहुणे शनिवारी येणार. मुलगी बघायला नाही, बिदर बघायला! मागच्या वर्षी सगळ्या गल्लीसमोर मला दाखवलं आणि पुढे निरोपच आला नाही. माय महिनाभर नळावर गेली नाही. म्हणून काकाची ही युक्ती. जमलं तर सोयरीक, नाही जमलं तर पाहुणे बिदर बघून गेले, एवढंच.
मुलाचं नाव महेश. (यापुढे म.) हैदराबादला औषधाच्या कंपनीत. मूळचे इकडचेच, मेहकरचे, आपलेच लोक. घरात तो आणि त्याची आई.
खरं लिहायचं तर मला हैदराबाद पाहिजे. तिथे कम्प्युटरचा पुढचा कोर्स करायचा आहे, आणि एकदा तरी अशा रस्त्याने चालायचं आहे जिथे कोणी ‘बियाणंवाल्या अप्पाची लीला ना तू?’ म्हणणार नाही. मुलगाही बरा निघाला तर चांगलंच.

शुक्रवार, १४
पाहुण्यांना काय दाखवायचं? घरात बैठक. तेव्हा कळलं की आमच्यातल्या कोणीच बिदर पाहिलेलं नाही. अप्पा किल्ल्यात शेवटचे गेले ते शाळेच्या सहलीत. माय झरणीच्या देवाला एकदा, ती पण लग्नाआधी. मी तर आमचं नौबाद, कॉलेज, परत नौबाद.
काका : “किल्ल्यात काय हाय? दगडं हायत.”
अप्पांनी पहिलं ठिकाण सुचवलं, त्यांचं दुकान. दुसरं, नवी पाण्याची टाकी. शेवटी सगळं मीच ठरवलं. शनिवारी किल्ला आणि बिदरीच्या भांड्यांचं काम, रविवारी अष्टूरच्या जुन्या कबरींचे घुमट. झरणी मायने रद्द केली. छातीभर पाण्यातून चालत देवाला जायचं, वर वटवाघळं. “पोरगी भिजलेली दाखवायची व्हय?”

शनिवार, १५
आले. चुरमुऱ्याचा सुसला, भजी हाणली दोघांनी, म्हणजे नखरे नाहीत. त्याची आई बुटकी, ठसठशीत, रेशमी लुगड्यात. म. उंच, गळ्यात कॅमेरा. माझ्याकडे कमी आणि सुसल्याकडे जास्त बघत होता.
किल्ल्यात अप्पा पुढे, वाटाड्या. सहलीतलं काही आठवेना म्हणून ठोकून दिलं. “हे हत्तीचं. हे घोड्याचं. हे... हे पण घोड्याचंच.” म.ने विचारलं, इतके घोडे कामून लागायचे? अप्पा म्हणाले, “त्या टायमाला बस नव्हती.”
रंगीन महालाला कुलूप. चौकीदाराने आढेवेढे घेत उघडलं. काळ्या दगडात शिंपले जडवलेले, दाराच्या उजेडात चमकायला लागले. इतकी वर्षं एवढ्या जवळ राहून हे मला माहीत नव्हतं, ह्याची लाज वाटली.
दुपारी बिदरीवाल्याकडे. भांडं काळं करायला किल्ल्यातली माती लागते, आणि ती चांगली की वाईट हे जिभेवर ठेवून ठरवतात. म. म्हणाला, मी बघू? आणि घातली की तोंडात! माय माझ्या कानात, “माती खायलाय बघ.” अप्पांना वाटलं हा पाहुण्यांचा रिवाज असेल. मान राखायला त्यांनीही चिमूटभर खाल्ली. मग काकाने. मला हसू आवरेना, बाहेर पळाले. म. मागून आला. “खारट हाय,” म्हणाला.
एवढंच बोलणं झालं आज. बरं वाटलं.

रविवार, १६
घोटाळा! म.ची आई सकाळी उठून बसली ती झरणीला जायचंच म्हणून. बिदरला येऊन देवाला पाठ दाखवायची? मायचा नाइलाज झाला.
पाणी माझ्या छातीपर्यंत, त्यांच्या हनुवटीपर्यंत. त्यांनी माझी वेणी धरली ती बोगदा संपेपर्यंत सोडली नाही. भीती वाटली की ‘गोविंदा!’ ओरडायच्या, त्याने वटवाघळं उठायची, मग त्या अजून मोठ्याने ओरडायच्या. देवापाशी पोचेपर्यंत माझी मान वाकडी झाली. बाहेर आलो तेव्हा मी झिपरी, नाक लाल, ओढणी भलत्याच बाईच्या हातात. मायने कपाळाला हात लावला.
आणि त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, “पोरीची वेणी पक्की हाय. हिसके खाल्ले, पण एक शब्द बोलली न्हाई.”
संध्याकाळी अष्टूर. म. घुमटाच्या पायरीवर बसून राहिला. “तिकडं खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत. इथं किती बरं वाटायलंय.”
मी वाहवत गेले. म्हटलं, हवा बघा, ज्वारी बघा, पाणी बघा, इथे माणसाला शांत झोप लागते. बिदरची अशी तारीफ जन्मात केली नव्हती. तो ऐकत होता, म्हणून करत गेले.

बुधवार, १९
होकार आला! काका पेढे घेऊनच दारात.
आणि पुढचं. म. बदली मागतोय, कंपनीचा एक कारखाना इथेच आहे. म्हणतो बिदर फार आवडलं, नौबादलाच घर बघू.
आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारला मी.
माय नाचायची बाकी आहे, लेक डोळ्यांसमोर राहणार म्हणून. मी चुलीपाशी जाऊन रडले. काका मागे आला. “पोरी गाव सोडून जायचं म्हणून रडत्यात. तू ऱ्हायचं म्हणून रडायलीस?”

गुरुवार, २०
अप्पांना सांगून टाकलं. कोर्सचं, रस्त्याचं, सगळं. त्यांनी पोती मोजायचं थांबवलं.
“मग न्हाई म्हणून कळवू?”
तेही म्हणवेना. अडचण हीच आहे की माती खाणारा हा माणूस मला आवडला आहे. हैदराबादशिवाय नको, आणि त्याच्याशिवाय हैदराबादही आता तितकंसं...
एसटीडी बूथवरून म.ला फोन केला, अप्पा शेजारी उभे. म्हटलं, “आम्ही तुम्हाला बिदर दाखवलं. आता तुम्ही हैदराबाद दाखवा. मग सांगते.”
तो म्हणाला, “काय दाखवू? मीच काही बघितलं न्हाई. रूम, बस, कंपनी.”
“किल्ला?”
“लांबून.”
“मग दोघं मिळून बघू,” मी म्हणाले. मागून त्याच्या आईचा आवाज आला, “वेणी घालून ये म्हणावं!”
काका उखडला. पोरीनं पोरगा बघायला जायचं? लोक काय म्हणतील? अप्पा शांतपणे म्हणाले, “पोरगा बघायला कोण जायलंय? आम्ही हैदराबाद बघायला जायलोत.”

रविवार, २३
बसस्टँड, पहाटे. अप्पा इस्त्रीचं धोतर नेसून. कंडक्टरला विचारत होते, हैदराबादला बघण्यासारखं काय काय हाय? तो म्हणाला, मला काय ठावं, मी तिथनं लगेच माघारी येतो. अप्पांना धीर आला, चारमिनारला हत्ती-घोड्यांवर निभेल म्हणतात.
मला धीर नाही. हैदराबाद नीट बघून म. तिथेच राहू म्हणाला तर मी जिंकले. तेच मागायला तर निघाले आहे. मग काल दिवेलागणीला गच्चीवर चढून, इथून किल्ला दिसतो का, हे मी कशाला बघत होते?
नाही दिसत. मध्ये पाण्याची टाकी येते.
बस लागली. अप्पा खिडकी मला देतायत.